अरफाची राणी

करुणा आणि अरफा या शेजारणींना आपापली राणी एकाच संध्याकाळी सापडली होती, सिडकोतल्या त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर, एकाच दिव्याखाली. पंख गळालेल्या, जाडजूड मुंगळ्यांच्या राण्या. लोक मांजरं पाळतात, या दोघी मुंग्या पाळतात, म्हणून जिन्यात सगळे हसायचे.

काम तसं सोपं. काचेच्या नळीत तळाशी पाणी, त्यावर कापसाचा बोळा, मग राणी, तोंडाशी पुन्हा बोळा. पहिल्या कामकरी मुंग्या निघेपर्यंत खायलाही घालायचं नाही. अंधारात ठेवायची आणि विसरून जायची. सारखं उघडून बघितलं, की राणी घाबरते आणि स्वतःचीच अंडी खाऊन टाकते. हे अरफाला करुणानंच शिकवलं होतं.

आणि अंडी घातली कुणी? अरफाच्या राणीनं. करुणाच्या नळीत काही नाही. करुणाच्या पोटात दुखायला लागलं. शिकवायचं आपण आणि मिरवायचं हिनं. रागारागानं तिनं आपली नळी चपलांच्या कपाटात मागं ढकलून दिली आणि पुन्हा तिचं तोंड पाहिलं नाही.

त्यात अरफा बहिणीच्या बाळंतपणाला सिल्लोडला निघाली. दुसऱ्या कुणावर भरवसा नाही म्हणत नळी करुणाच्याच हाती देऊन गेली.

करुणा रोज अरफाच्या नळीवरचं फडकं काढायची, मोबाइलचा उजेड टाकायची. वाढली का अंडी? वाढलीच होती मेली. नळीला तिनं कधी धक्का दिला नाही, तसं शपथेवर सांगितलं असतं. पण उजेडात राणी सैरावैरा पळायला लागली की तिला बरं वाटायचं, हेही खरंच. एका संध्याकाळी अंडी दिसली नाहीत. करुणाला आनंद झाला, आणि त्या आनंदाची तिला भीती वाटली.

दीड महिन्यानं अरफा परतली. तोवर तिची राणीही मरून पडली होती; तिनं नळी उलटीसुलटी करून पाहिली. आपलीही मेलीच असणार, ती दाखवली की फिट्टंफाट होईल, अशा हिशेबानं करुणानं कपाटातून आपली नळी ओढून काढली. आत राणीभोवती इवल्याइवल्या कामकरी मुंग्या फिरत होत्या.

अरफाचा चेहरा खुलला. "चलो, तुझी तर जगली. माझीच काळजी करत बसली असशील तू. स्वतःच्या नळीकडं बघायला टाइम पण भेटला नसंल."

करुणाचा जीव भांड्यात पडला.

"व्हय ना," ती म्हणाली. "रोज तुझीच बघत होते."

अरफाचं हसू हळूहळू मावळलं.

"रोज?" तिनं विचारलं.