थरथर माझी होती

मित्रांनो, मी एक जुना शाफ्ट आहे. पिकअप गाडीच्या पोटाखाली लांब, गोल, पोकळ दांडा फिरताना तुम्ही कधी पाहिला असेल, तर तो मी किंवा माझा एखादा भाऊ. गाडीचे इंजिन पुढे आणि ओढणारी चाके मागे. इंजिनाची ताकद त्या चाकांपर्यंत पोहोचवणे, एवढेच माझे काम. आता ती गाडी मोडीत गेली आहे आणि मी एका काचेच्या दुकानात भिंतीला टेकून उभा आहे. स्वस्थ उभे राहायची सवय मला अजून झालेली नाही. जरा डोळा लागला की मी फिरू लागतो आणि खालून रस्ता वाहू लागतो.

कारखान्यात मला घडवले तेव्हा आधी गरगर फिरवून पाहिले. एका बाजूला मी किंचित हलका निघालो, म्हणून तिथे लोखंडाचा छोटासा तुकडा चिकटवला. तेव्हापासून मी असा फिरे की आहे की नाही ते कळू नये. आमच्यात हाच मोठा गुण.

माझी गाडी एका काचवाल्याने घेतली. त्याचे दुकान त्याचे एकट्याचे नव्हते, त्याच्या थोरल्या बहिणीचेही होते. सगळे तिला ताई म्हणत. वडील गेल्यावर हिरकणीने, म्हणजे टोकाला हिऱ्याचा कण बसवलेल्या कलमाने, काच कापायला तिनेच भावाला शिकवले होते. ती पट्टी ठेवी, एक रेघ ओढी, दोन्ही अंगठ्यांनी दाब देई आणि काच नेमकी त्या रेघेवर दुभंगे. मग तीच काचा कांबळ्यात गुंडाळून गाडीवर उभ्या बांधी. वर आरसे असले की आभाळ आमच्यासोबत प्रवास करते, असे ती म्हणायची. मला खालून आभाळ कधी दिसले नाही, पण ते वाहून नेल्याचा अभिमान मला होता. कित्येक वर्षांत एका काचेला तडा गेला नाही.

माझे दोन भाग आहेत आणि ते एकमेकांत दातांनी सरकून बसतात. कसेही बसवून चालत नाही, दोन्ही टोकांचे जोड एका रेषेत यावे लागतात. म्हणून मेकॅनिकने दोन्ही भागांवर पांढऱ्या रंगाची एकेक रेघ मारून ठेवली होती. रेघेसमोर रेघ आली की मी सुखी.

एकदा माझ्या जोडातला क्रॉस, म्हणजे दोन टोके जोडणारा फुलीच्या आकाराचा तुकडा, झिजला. मेकॅनिक गावाला गेला होता. काचवाल्याने मला स्वतःच खाली उतरवले. आता काचवाल्याचा स्वभाव तुम्हाला ठाऊक असेल. आयुष्य डाग पुसण्यात गेलेले. त्याने रॉकेलमध्ये फडके बुडवून मला असे लख्ख केले की चेहरा दिसावा, आणि त्यात त्या दोन पांढऱ्या रेघाही गेल्या. त्याला ते रंगाचे डाग वाटले. मग दातांत दात बसले म्हणजे झाले, असे म्हणत त्याने मला चुकीच्या खाचेत बसवले.

त्या दिवसापासून मी थरथरू लागलो. गल्लीत हळू चालताना काही जाणवत नसे. मोठ्या रस्त्यावर वेग वाढला की माझे अंग माझ्या ताब्यात राहत नसे. वर काचा किणकिणत, आणि एक दिवस एक मोठी काच फुटली. मग आणखी एक.

काचवाल्याने आधी रस्त्याला दोष दिला, मग दोरांना. शेवटी चोर सोडून संन्याशाला फाशी झाली.

"ताई, तुझी बांधणी सैल पडते हल्ली," तो म्हणाला. "हात थरथरतात तुझे."

ताईने हात उलटसुलट करून पाहिले. "थरथरतात? वय झालं असेल," ती म्हणाली. तिने हिरकणी डबीत ठेवली आणि दुकानात येणे बंद केले. माणसाला जीभ आहे. मला असती तर मी तेव्हाच ओरडलो असतो.

काही आठवड्यांनी भाऊ तिला डॉक्टरकडे घेऊन निघाला. मागे गाडी रिकामी होती. रस्ता नवा, गुळगुळीत. त्याने वेग वाढवला. ताईने थर्मासच्या झाकणात चहा ओतून समोर फळीवर ठेवला होता. त्या चहात बारीक बारीक वर्तुळे उठू लागली.

"गाडी बाजूला घे," ताई म्हणाली.

"का गं?"

"माझे हात मांडीवर आहेत. रस्ता लोण्यासारखा आहे. मग चहा कुणाच्या हाताने थरथरतोय? आधी गाडी दाखव, मग मला."

गॅरेजमध्ये मेकॅनिक माझ्याखाली सरपटत आला. "इथल्या खुणा कुठे गेल्या?" त्याने विचारले.

"मी पुसल्या," काचवाला म्हणाला. "डाग वाटले मला."

"तुमच्यापुढे चंद्र ठेवला तर तोही पुसाल," असे म्हणून मेकॅनिकने मला उघडले, सरळ बसवले आणि नव्या रेघा मारल्या. त्या दुपारी मी पुन्हा अबोल झालो.

घरी परतताना काचवाल्याने गाडी हळू केली. मग म्हणाला, "ताई, चूक माझी होती. उद्यापासून ये."

ती आली. तिने पट्टी ठेवली, हिरकणी उचलली, आणि मित्रांनो, तिचा हात खरोखर थरथरला. रेघ वाकडी गेली, काच भलतीकडेच फुटली. भावाने तुकडे गोळा केले आणि दुसरी काच पुढे ठेवली. तीही फुटली. त्याने आणखी एक ठेवली. असे कितीतरी दिवस चालले. माझी थरथर एका दुपारी गेली. तिची जायला सबंध हिवाळा लागला, कारण ती तिची नव्हतीच, कुणीतरी तिला दिली होती.

म्हणून सांगतो, गाडी थरथरली तर आधी वाकून खाली पाहा आणि आमच्या खुणा जपा. पण त्याहून जपा ते माणसाचे हात. मी लोखंडाचा आहे, मला उघडून पुन्हा बसवता येते.