मामाचे डोळे

बेकरीवाल्याचे डोळे गेले असे लोक म्हणत. ते अचूक नव्हते. गेला होता तो केवळ नजरेचा मध्यभाग. ज्या वस्तूकडे रोखून पाहावे नेमकी तीच धुक्यात विरघळे, आणि तिच्या कडेचे सारे जग मात्र शाबूत राही. गिऱ्हाईक समोर उभे राहिले की त्याला टोपी दिसे, खांदे दिसत, हातातली पिशवी दिसे. चेहरा तेवढा नसे. सव्विसाव्या वर्षी आधी उजवा डोळा असा झाला, दोनेक महिन्यांनी डावा, आणि दोन्ही वेळा न दुखता, न खुपता. नेत्रतज्ज्ञांनी डोळ्यांमागच्या नसेचा आजार एवढेच सांगितले. भट्टीचे काम त्याने सोडले नाही. कणीक किती मळली गेली हे हाताला कळते, आणि पाव भाजला की नाही हे नाकाला. तिथे डोळ्यांचे काम तसे दुय्यमच.

अडचण भट्टीपाशी नव्हती, घरात होती. लग्नाला चार वर्षे झाली होती, बायकोला मूल हवे होते, आणि त्याने ठामपणे नको म्हटले होते. त्याचा युक्तिवाद घरात सर्वांना पाठ होता. वडील आंधळे होऊन वारले, मुलगा आंधळा झाला, तेव्हा नातवाच्या वाट्याला दुसरे काय येणार? युक्तिवाद देखणा होता. फक्त त्याचे पहिलेच विधान कच्चे होते. वडिलांना सत्तरीत मोतीबिंदू झाले होते, आणि सुरीच्या भीतीने त्यांनी ते काढू दिले नव्हते. म्हातारपणाचा पडदा आणि तरुणपणी मेलेली नस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे घरातल्या कोणालाही सुचले नाही, कारण बापाचे ते मुलाकडे जाते या समजुतीपुढे बाकीचे प्रश्न उभेच राहत नाहीत. त्यात आईची भर. सासरच्या माणसांविषयी तिच्या ज्या अनेक तक्रारी होत्या, त्यांत डोळे ही सर्वांत जुनी. सून घरात आली त्याच आठवड्यात तिने सांगून टाकले होते की या घराण्यात सुईत दोरा ओवणारा पुरुष जन्मालाच आलेला नाही.

बायको वाद घालणारी नव्हती, पण सोडून देणारीही नव्हती. मोठ्या रुग्णालयात आनुवंशिक आजारांचा वेगळा विभाग आहे असे तिने कुठेसे ऐकले, आणि एका दुपारी गल्ल्यामागच्या स्टुलावर बसून ती नवऱ्याला म्हणाली,

"तुम्हाला नाहीच म्हणायचं ना, मग म्हणा. पण नीट कळून म्हणा. चार वर्षं मी तुमच्या अंदाजावर काढलीत."

त्याच संध्याकाळी त्याने तिला रुग्णालयात वेळ घ्यायला सांगितली. ठरलेल्या दिवशी दोघे निघाली, तर आईही निघाली. सासरचा इतिहास आपल्याइतका कोणाला ठाऊक नाही असे तिचे म्हणणे. आईला जिने झेपत नाहीत म्हणून धाकटी बहीण आली. तिला दोन लेकरे होती, एक मुलगा आणि एक मुलगी. मुलांना शेजारणीकडे ठेवून, आज आपल्याला फुकटची सहल आहे अशा थाटात ती वाटेभर भावाची टिंगल करत आली.

डॉक्टर पन्नाशीच्या, सावकाश बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी आधी त्याच्या नजरेविषयी विचारले, मग घराकडे वळल्या. आईने जीभ सैल सोडली. सासऱ्यांचा चष्मा, दिरांचा तिरळेपणा, संध्याकाळी खांबाला नमस्कार करणारा एक चुलतसासरा, यांतले तिने कोणाला म्हणून वगळले नाही. डॉक्टरांनी सारे ऐकून घेतले आणि मग तिच्या माहेरचे विचारले. माहेरी सगळ्यांची घारीची नजर, असे आईने एका वाक्यात उरकले.

"आणि मामा?" बहीण म्हणाली.

आईने तिच्याकडे असे पाहिले, की ती बाहेरची असती तर उठून गेली असती. मामा हा विषय त्या घरात निघत नसे. तो आईचा पाठचा भाऊ. ऐन चोविशीत, लग्न ठरलेले असताना, त्याची दृष्टी गेली. त्या सुमारास मित्रांबरोबर तो एकदा प्यायला बसला होता, आणि भेसळीच्या दारूने डोळे जातात हे सर्वांना माहीत होते. निष्कर्ष काढायला घरच्यांना एक संध्याकाळ पुरली. लग्न मोडले, वडिलांनी त्याला घराबाहेर काढले, आणि बहिणीने, म्हणजे आईनेही, दार लावून घेतले. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत तो एकटा राहतो, पिशव्यांच्या कारखान्यात गाठी मारण्याचे काम करतो, यापलीकडे कोणाला काही ठाऊक नव्हते.

"त्याचं वेगळं आहे," आई म्हणाली. "त्याचे दारूनं गेले."

डॉक्टरांनी वाद घातला नाही. फक्त विचारत गेल्या. त्याच्याबरोबर पिणाऱ्यांपैकी आणखी कोणाला काही झाले का? नाही. पोटात दुखले, उलट्या झाल्या? तसे काही आईच्या ऐकिवात नव्हते. दोन्ही डोळे एकदमच गेले का? इथे आई अडखळली. आधी एक, मग दुसरा. मध्ये गेले असतील दोनेक महिने. हे शब्द तिच्या तोंडून बाहेर पडले आणि खोलीतल्या पाचही जणांना एकाच वेळी कळले की ती मुलाचीच हकिगत सांगते आहे.

मग डॉक्टरांनी समजावून सांगितले. उंची, रंग, नाकाचा आकार यांची शिदोरी आईबापांकडून निम्मी निम्मी येते आणि ती पेशीच्या गाभ्यात असते. पण गाभ्याबाहेर, पेशीला शक्ती पुरवणारे बारीक बारीक कण असतात, आणि त्यांची स्वतःची अशी एक छोटी वेगळी शिदोरी असते. ती फक्त आईच्या बीजातून येते. बापाची तिथे डाळ शिजत नाही. हा आजार बहुधा त्या शिदोरीतला असावा. रक्त तपासून खात्री करता येईल.

 बेकरीवाल्याने आपल्या पद्धतीने ते मांडून पाहिले: म्हणजे पीठ दोन घरचं, पण खमीर आईकडचंच. कालच्या गोळ्यातून आजच्याला, आजच्यातून उद्याच्याला. बाप नुसता पीठ घालून मोकळा. डॉक्टर हसल्या आणि म्हणाल्या की उपमा ठीक आहे, पण तिला फार ताणू नका. बिघडलेलं खमीर टाकून देता येतं, हे टाकता येत नाही.

"मग माझ्या मुलाला?"

"हा आजार तुमच्याकडून जाणार नाही. देऊ म्हटलंत तरी तुम्हाला तो देता येणार नाही."

बायकोने त्याचे मनगट धरले. तो काही बोलणार होता, पण शेजारून बहिणीचा आवाज आला, आणि त्या आवाजात सहलीचे काही उरले नव्हते.

"आणि माझं काय?"

डॉक्टरांनी ते गोड करून सांगितले नाही, आणि कडूही केले नाही. तपासणीत आईकडे दोष निघाला तर तो बहिणीकडे असेल, आणि तिच्या दोन्ही मुलांकडेही. पण असणे आणि होणे यांत मोठे अंतर आहे. या आईला स्वतःला साठीतही काही झालेले नाही. दोष असलेल्या मुलग्यांतही फार तर निम्म्यांना त्रास होतो, मुलींत दहातल्या एखादीला. कोणाला आणि का, हे अजून पुरते उलगडलेले नाही. तंबाखूने आणि दारूने धोका वाढतो, तेव्हा मुलांना दोन्हींपासून दूर ठेवा. औषधांचे प्रयत्न चालू आहेत. मुले मोठी होतील तोवर चित्र पालटलेले असू शकेल. बहिणीने सगळे ऐकून घेतले. आई मात्र हातातल्या पिशवीचा बंद पिळत बसली होती.

"म्हणजे माझ्याकडून आलं," ती म्हणाली.

"तुमच्याकडे तुमच्या आईकडून आलं, त्यांच्याकडे त्यांच्या आईकडून," डॉक्टर म्हणाल्या. "यात कोणी कोणाला विचारून काही दिलेलं नसतं."

महिना उलटून गेल्यावर तपासणीचा निकाल आला, आणि तो डॉक्टरांच्या तर्काप्रमाणेच आला. त्यानंतरच्या रविवारी आईने न सांगता चपला घातल्या. सुनेने विचारले, तर इतकेच म्हणाली की भावाकडे जाऊन येते. तिथे काय झाले ते तिने पुढे तुकड्यातुकड्यांनी सांगितले. त्याने आवाजावरून ओळखले. ती उंबऱ्यातच रडू लागली, तर तो म्हणाला की आधी आत ये, मला नुसती तुझी बाजू दिसतेय. तिने आजाराचे सगळे सांगितल्यावर तो म्हणाला,

"ताई, मी एकच पेला प्यायलो होतो. तुम्ही सगळे किती प्यायला होतात?"

हे सांगताना आई हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. सासरच्या घराण्याचा विषय तिने त्यानंतर काढला नाही. निदान डोळ्यांच्या बाबतीत नाही.

आता सर्व सुरळीत व्हायला हवे होते. झाले नाही. बेकरीवाला पूर्वीपेक्षा घुमा झाला. ज्या वाक्याने त्याचा मार्ग मोकळा केला, त्याच वाक्याने बहिणीच्या घरावर सावली टाकली होती, आणि एकाच्या सुटकेचा आनंद दुसऱ्याच्या धास्तीशेजारी मांडायचा कसा, हे त्याला उमगेना. बायकोने दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा त्याने पिठाच्या पोत्यांकडे तोंड फिरवले. शेवटी तिने नणंदेला निरोप धाडला.

बहीण ऐन दुपारी आली. दुसऱ्या भाजणीचे पाव नुकतेच बाहेर निघाले होते. ट्रे मांडणीवर लावले होते आणि दुकानभर ऊब होती. तिने एक पाव उचलला, मोडला, फुंकर घालून खाऊ लागली, आणि खाताखाताच भावाला फैलावर घेतले. मुलांचे डोळे तपासून झाले होते, दोघांचेही ठणठणीत. नवऱ्याने तंबाखू सोडली होती. सात वर्षे ती जे सांगत होती ते या आजाराने एका दिवसात केले. रात्री कधी कधी जाग येते आणि भीती वाटते, हेही तिने लपवले नाही.

"पण ती भीती माझी आहे दादा, माझी मी बघून घेईन. तू माझ्या नावानं उपास कशाला धरलायस? तुझं ताट वाढलेलं आहे. तू जेवला नाहीस म्हणून माझं पोट भरणार आहे का?"

"तसं नाही गं."

"तसंच आहे. आणि वहिनीनं काय घोडं मारलंय? माझ्या पोरांना एक भावंड मिळेल, तेवढं तरी कर. ज्याच्या डोळ्यांची कुणाला काळजी नाही असं एखादं तरी पोर घरात असू दे."

उरलेला पाव पदराखाली धरून ती निघून गेली. जाताना तिने वहिनीच्या पाठीवर थाप मारली, जरा जोरातच.

दुकानात दोघेच उरली. बेकरीवाल्याने हाताचे पीठ झटकले. आपली नजर त्याने बायकोच्या शेजारच्या भिंतीवर टेकवली, म्हणजे ती त्याला नीट दिसेल, आणि कितीतरी वेळ तसाच पाहत राहिला. ती अवघडून म्हणाली की असं काय बघताय. मूल तुझ्यासारखं व्हावं, तो म्हणाला. बाकीचं कसंही होवो, पण हट्ट तुमचा नको, असे ती म्हणाली. त्यावर त्याने असा मुद्दा काढला, की हट्ट आईकडून येतो की बापाकडून हे डॉक्टरांना विचारायचे राहूनच गेले.

मग तिने उठून शटर अर्ध्यावर ओढले, आणि नंतर पुरते. थोड्याच वेळात कोणीतरी बाहेरून पत्रा वाजवला आणि पाव आहेत का म्हणून विचारले. मांडणीवर काठोकाठ भरलेले ट्रे वाफाळत होते.

"संपले," बेकरीवाला आतून म्हणाला. "उद्या या."