वेताळ कुणाच्या अंगावर धावला

हैदराबादच्या गौलीगुड्यात त्या दुपारी अशी गर्दी लोटली, की गल्लीतल्या भिंतीसुद्धा पोट आत ओढून उभ्या राहिल्या. मधोमध तोलोबा महाराजांचा वेताळ. माणसाएवढा उंच, शेंदूर फासलेला, डोक्यावर ताट, कमरेखाली घेरदार लाल वस्त्र, एक हात पुढे पसरलेला. दोघा पैलवानांनी त्याला ढकललं. तो डुलला, जरा सरकला आणि पुन्हा ताठ!

"ना दोरी, ना टेका!" तोलोबा गरजला. "एक पाय हैदराबादेत, दुसरा पाताळात! भानामती करणारी पुढे आली, की हा तिच्यावर जातो. याला आधार कार्ड दाखवावं लागत नाही!"

गल्लीतल्या एकनाथरावांच्या नातवाला सकाळपासून तापात झटके येत होते; त्याला तिथेच ओट्यावर निजवलं होतं. आदल्या दिवशी शेजारच्या भामाबाईंनी त्याला करंजी दिली होती. तेवढं पुरलं. गल्लीतल्या बायकांनी एकेक करून नारळ-तांदळाची पिशवी वाहिली, वेताळ ढिम्म. भामाबाईंनी वाहिली, आणि तो सुसाट त्यांच्या छातीवर! त्या फरशीवर आदळल्या. तोलोबानं लगबगीनं पिशवी काढली, तेव्हा कुठे देव थांबला.

"दात पाडा तिचे! दात गेले की मंत्र म्हणता येत नाही!" तोलोबा ओरडला.

"हौ, हौ, पाडा!"

लाथा बसल्या. एकनाथरावांनी दगड उचलून म्हातारीच्या तोंडावर हाणला. पुढचा दात रक्तासकट बाहेर आला.

भामाबाईंची सून प्रणिता यंत्रांचे आराखडे करणाऱ्या कंपनीत होती. फोन आला तशी ती ऑफिसातून धावली. गर्दीत घुसली तेव्हा दगड दुसऱ्यांदा वर गेला होता. ती सासूवर आडवी पडली. दगड तिच्या खांद्यावर उतरला.

हात लुळा पडला, पण डोकं चालू होतं. या बाबाचे व्हिडिओ बघून तिनं कॅडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या आराखड्यात, तसाच वेताळ उभा करून चालवून पाहिला होता.

"एकनाथकाका, बाकीच्यांनी पिशवी कुठे ठेवली?"

"डोक्यावरच्या ताटात. महाराजांनी सांगितलं तिथे."

"आणि आईंनी?"

एकनाथराव अडखळले. "हातात टांगली. तेही महाराजांनीच सांगितलं."

"मग आता तुम्ही टांगा."

"मी? मी काय भानामती करतो?"

"मग भिताय कशाला?"

"नक्को! पुरुषाच्या हातचं देवाला चालत नाही!" तोलोबा मधे पडला.

पण चार लोकांत भित्रा ठरणं एकनाथरावांना कसं चालावं? दगड टाकून त्यांनी पिशवी वेताळाच्या हातात अडकवली. वेताळ झुकला आणि धाडकन त्यांच्यावर! नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला.

मग कुणीतरी म्हणालं, "अरे, म्हणजे भानामती करणारे हेच!" चार दगड उचलले गेले.

"अरे, नातू माझा आहे रे!" एकनाथराव किंचाळले.

प्रणितानं पिशवी ओढून काढली आणि लाल वस्त्र फाडलं. आत दोन चाकं, मोटारी, बॅटरी आणि लुकलुकणारी सर्किटची पट्टी.

"हा तुमचा देव! तळहातावर झाडू उभा तोलता ना? तो कलेल तिकडे हात न्यावा लागतो. इथे तेच काम चाकं करतात." तिनं मोबाइलवर आपला वेताळ दाखवला. "दीड किलो डोक्यावर ठेवलं, तर तोल मधेच राहतो, हा जागचा हलत नाही. तेच पुढच्या हाताला टांगलं, की पडू नये म्हणून चाकं पुढे पळतात. हे बघा, चाकं फिरवणारा जोर, टॉर्क, कसा चढला! समोर संत असो की चोर, हा त्याच्यावरच जाणार."

तोलोबा पळाला, कोपऱ्यावर सापडला. लोकांनी त्याला बुकलायला सुरुवात केली. "मारू नका, पोलिसांत द्या!" प्रणिता ओरडत होती, पण ज्यांनी म्हातारीला तुडवलं तेच पाय आता त्याला तुडवत होते.

तेव्हा भामाबाई भिंतीला धरून उठल्या. पदर तोंडाला, पदरातून रक्त. "लेकराला झटके येतायत, आणि तुम्हाला अजून मारायचंच सुचतंय?"

हात थांबले. रक्ताळल्या नाकानं एकनाथराव नातवाला उचलून रिक्षाकडे धावले.

बाबांनो, ताप आला तर दवाखाना गाठा. आणि देव कुणावर धावलाच, तर दगड उचलण्याआधी त्याच्या हाताला वजन टांगायला कुणी सांगितलं ते विचारा.