पऱ्हाटीवरचं पाणी

ही दोन हजार तेवीस सालच्या माघातली गोष्ट. शिंदखेड्याकडच्या आमच्या गावात पूर्वी पऱ्हाटीला मोल नव्हतं. कापूस वेचून झाला की कुंदाबाई आणि तिच्या सोबतिणी पऱ्हाट्या उपटायच्या आणि मजुरी म्हणून त्याच चुलीसाठी घेऊन जायच्या. त्या वर्षी माझा धाकटा, नवल, पऱ्हाट्यांचा भुगा करून धुळ्याजवळच्या पांढऱ्या कोळशाच्या, म्हणजे भुगा दाबून जळणाच्या विटा करणाऱ्या कारखान्याला घालू लागला. मग कुंदाबाईला रोख मजुरी द्यायची आली, वर मशीनचं भाडं, वर डिझेल.

भुगा हलका. ट्रॉली शिगोशीग भरली तरी काट्यावर जेमतेम दोन टन, आणि डिझेल तेवढंच जळायचं. पहिल्या दोन खेपांत नवलच्या हाती काही उरलं नाही. तिसरी खेप पटली तर कारखाना सबंध हंगामाचं काम देणार होता. नाही तर नवल थोरल्यामागोमाग सुरतेला जाणार होता. त्याच्या बायकोने, हेमलताने, पेटी झटकून ठेवलीही होती.

माझ्या सासूबाई कापूस विकायच्या आदल्या दिवशी गंजीवर पाणी शिंपडायच्या. व्यापाऱ्याचा काटा खोटा, आपलं पाणी खोटं, फिट्टंफाट, असं म्हणायच्या. नवल जेवायला बसला तेव्हा मी शिडी लावून ट्रॉलीवर चढले आणि पाव तास नळी धरली. वर कोरडा भुगा पसरला.

धुळ्याच्या एकवीरेच्या दर्शनाचं निमित्त करून मीही सोबत गेले. काट्यावर वजन अडीच क्विंटल जास्त भरलं.

"माय, आज तुना पायगुण शे," नवल हसत म्हणाला.

माल तपासणारा भूपेंद्र जळगावकडचा, शिकलेला पोरगा. त्याने यंत्राची सळई भुग्यात खुपसली, काढली, दुसरीकडे खुपसली.

"नवलभाऊ, वीसच्या वर ओल आम्हाला चालत नाही. इथे तेहेतीस दाखवतंय. याच्या विटा बांधल्याच जात नाहीत."

नवल त्याच्याशी भांडला, यंत्र बिघडलंय म्हणाला. मग त्याने कोपरापर्यंत हात आत घातला. बाहेर काढला तेव्हा भुगा बोटांना चिकटला होता. तो माझ्याकडे वळला.

"पानी तू मारं का?"

वजनासाठी मारलं, असं मी सांगितलं.

"आजी, कापूस असता तर खपून गेलं असतं," भूपेंद्र म्हणाला. त्याने काम मात्र दिलं नाही.

परत आल्यावर नवलने ट्रॉली बांधावर रिकामी केली. तो ढीग आठ दिवसांत तापला, मग बुरसला.

नवल सुरतेला कापड रंगवायच्या गिरणीत आहे. हेमलता पोरांना घेऊन त्याच्याकडे गेली. रविवारी नवलचा फोन येतो. गुडघ्यांची चौकशी करतो, पाण्याचं कधी काढत नाही. भूपेंद्रही तिथून गेला म्हणतात, आणि कारखाना आता जवळपासच्याच गावांतून माल घेतो. कुंदाबाई पुन्हा पऱ्हाट्या फुकट नेते. जाताना एक मोळी माझ्या ओट्यावर टाकते. भाकरी एकीची असते, दोन काड्यांत भाजून होते.