छाती हलली पाहिजे

मित्रांनो, मी एक जुनी रबरी बाहुली आहे. खेळण्यातली नव्हे बरं का! माझ्याशी आजवर एकही मूल खेळलेले नाही. नुकत्याच जन्मलेल्या बाळाएवढी मी, आणि माझ्या छातीत दोन पातळ पिशव्या आहेत. नाकातोंडावर मास्क नीट बसवून त्याला जोडलेला फुगा दाबला, की हवा आत जाते आणि माझी छाती वर येते. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा, हे नर्सना शिकवण्यासाठी मला घडवले.

कारखान्यातून मी थेट प्रशिक्षणाच्या खोलीत आले. तिथे मोठ्या सिस्टर शिकवत. त्यांच्या हाताला यश होते, पण जीभ तिखट. "माझ्या तोंडाकडे काय बघता? बाळाकडे बघा. छाती हलली पाहिजे!" असे त्या ओरडत. कितीतरी थरथरते हात माझ्यावर शिकून स्थिर झाले. जाताना कोणी कोणी माझा गालगुच्चाही घेई.

मग सिस्टर निवृत्त झाल्या, ऑनलाइन धडे आले आणि माझी रवानगी कपाटात, जुन्या चादरींखाली झाली. बाळाला श्वास देण्याच्या धड्यात म्हणे एक आवाज पडद्यावरची वाक्ये वाचून दाखवी. लोक तो लावून चहा पिऊन येत, शेवटच्या प्रश्नांवर टिचक्या मारत आणि प्रमाणपत्र घेत. दूरच्या एका दवाखान्यातल्या नर्सने त्यात पैकीच्या पैकी गुण मिळवले. पण समोर खरे बाळ रडेना, तेव्हा तिचे हात गोठले. डॉक्टर शेजारच्या खोलीत होते म्हणून बाळ वाचले. "मला पुन्हा बाळंतपणाला उभं करू नका," असे तिने रडत सांगून टाकले. त्या दवाखान्यात दुसरी नर्सच नव्हती.

हे सारे मला सिस्टरच्या भाचीकडून कळले. ऑनलाइन धडे घडवणे हाच तिचा व्यवसाय, आणि तो धडा नव्याने करायचे काम तिच्याकडे आले होते. तिने मला कपाटातून काढले, पुसले आणि मावशीला बोलावून घेतले. समोरच्या कॅमेऱ्याच्या इवल्याशा भिंगातून माझी छाती डोंगरापलीकडच्या त्या दवाखान्यातही दिसणार, हे ऐकून मी थक्क झाले.

सिस्टर मात्र पहिल्यांदाच कॅमेऱ्यापुढे उभ्या होत्या. मी नीट दिसावे म्हणून त्यांनी माझे तोंड कॅमेऱ्याकडे वळवले. माझी मान मुरगळली. त्यांनी मास्क लावला, फुगा दाबला. हवा कडेने फुस्स झाली, छाती जागची हलेना.

"अगं बाई!" त्या पुटपुटल्या. क्षणात त्यांनी माझी मान सरळ केली, हनुवटी किंचित वर घेतली, मास्क पुन्हा घट्ट बसवला. फुगा दाबला आणि माझी छाती वर आली.

"पहिलं काढून टाक हं," त्या भाचीला म्हणाल्या.

"मावशी, मला तेच हवंय."

"म्हणजे? आयुष्यभराची अब्रू वेशीला टांगतेस की काय माझी?"

"तू बिनचूक केलंस तर शिकणाऱ्या नर्स नुसत्या बघत बसतील गं. तुझं चुकतंय म्हटल्यावर त्यांचेच हात पुढे येतील."

सिस्टर फुरंगटून बसल्या. छाती हलत नाही तिथेच भाचीने चित्र थांबवले, खाली 'आता तुम्ही काय कराल?' एवढेच लिहिले आणि धडा त्या दूरच्या नर्सला दाखवला. तीही आम्हाला पडद्यावर दिसत होती. चित्र थांबले आणि ती खुर्चीतून उठलीच. "मान! सिस्टर, मान सरळ करा!" समोर बाळ नव्हते, तरी तिचे दोन्ही हात हवेत अगदी अलगद एक डोके सरळ करत होते. मित्रांनो, माझ्या अंगावर काटा येत नाही, पण त्या दिवशी आला असता.

सिस्टर पडद्याजवळ सरकून ते हात बघू लागल्या. "राहू दे तसंच," त्या म्हणाल्या. "पण म्हातारी झाले म्हणून चुकले, असं नको लिहूस!"

ती नर्स पुन्हा बाळंतपणाला उभी राहिली. काही आठवड्यांनी तिचा निरोप आला. भाचीने तो फोनवर मोठ्याने लावला. "सिस्टर, बाळ रडलं नाही. मास्क लावला तर छाती हलेना. मग डोळ्यांपुढे तुम्ही दिसलात. मान सरळ केली..." पुढचे शब्द कळलेच नाहीत, कारण तिच्या मागे एक बाळ गळा काढून, दवाखाना डोक्यावर घेऊन रडत होते.

"पुन्हा लाव," सिस्टर डोळे पुसत म्हणाल्या. "बोलणं नको. नुसतं रडणं लाव."

मी टेबलावर निपचित पडून ऐकत होते. माझ्या छातीतला उसना श्वास कुठल्या कुठे जाऊन पोहोचला होता!

आता माझे रबर चिरले आहे. भाची म्हणते, हिला काचेच्या पेटीत जपून ठेवू. मित्रांनो, तिला सांगा, मला तसले जपणे नको. शिकणाऱ्यांच्या हातात मला द्या. जपायचे ते खऱ्या बाळांना जपा. चुका मात्र सगळ्या माझ्यावर करा.