एकसष्टावं मत

शनिवारी दुपारी मिनीबस गोर्देनाच्या वळणावर थांबली आणि एफ्रोसिनिया खाली उतरली, तेव्हा तिच्या बुटांना चिखल लागला नाही. तिने खाली पाहिलं. काळाकुळकुळीत, अजून ऊबदार डांबर. गावाने अठरा वर्षं मागितलेला रस्ता ती राजधानीत, किशिनावला असताना पाच दिवसांत झाला होता.

तिला आनंद झाला, पण चढ संपेपर्यंतच. डांबर बरोबर तिच्या फाटकाशी थांबलं होतं. पुढे विहिरीकडे आणि खालच्या आळीकडे जुनाच खडबडीत मातीचा रस्ता.

शेजारची प्रोफिरा कुंपणापाशी चेरी तोडत होती. तिने बादली खाली ठेवली.

"या बाई, या! तुमच्यामुळे आमच्याही पायांना डांबर लागलं. दहा पावलं आणखी ओढलं असतंत तर माझंही फाटक आलं असतं."

"मी काही सांगितलेलं नाही, प्रोफिरा."

"नाही हो, तुम्ही कशाला सांगाल? रोलरच वाट चुकला असेल," प्रोफिरा म्हणाली आणि पुन्हा चेरीकडे वळली.

एफ्रोसिनियाने बावीस वर्षं गावच्या शाळेत इतिहास शिकवला होता. निम्मं गाव तिचं विद्यार्थी, म्हणून सगळ्यांचीच ती बाई. त्या वसंतात ती विरोधी पक्षाकडून संसदेत निवडून गेली होती, आणि नेमकी अशा वेळी, की एकशे एक खासदारांच्या त्या सभागृहात राष्ट्राध्यक्ष निवडायला एकसष्ट मतं लागत होती आणि सत्ताधाऱ्यांकडे साठ होती. पहिल्या फेरीत विरोधी खासदार सभागृहाबाहेर बसून राहिले आणि एक मत कमी पडलं. दुसरी फेरी बुधवारी होती. त्यातही मत कमी पडलं तर संसद बरखास्त. म्हणून सगळे फुटू शकेल अशा एका विरोधी खासदाराच्या शोधात होते. सत्ताधाऱ्यांना तो हवा होता, विरोधकांना त्याला आधीच पकडायचं होतं.

पूर्वी असं नव्हतं. सोव्हिएत राज्य गेलं त्या हिवाळ्यात राष्ट्राध्यक्ष निवडायला सारं गाव ठेवणीतले कपडे घालून शाळेत गेलं होतं. मतपत्रिकेवर नाव एकच होतं. "जुनी सवय एकदम मोडली तर बाधते," असं प्रोफिराचा नवरा तेव्हा म्हणाला होता. पाच वर्षांनी नावं इतकी झाली की म्हातारी माणसं मतपत्रिका उजेडाकडे धरून वाचत बसली. आणि मग संसदेने कायदा बदलून ते काम स्वतःकडेच घेतलं. लाखो माणसांच्या मनात काय आहे हे शोधण्यापेक्षा एकशे एक माणसांवर नजर ठेवणं सोपं, असं एफ्रोसिनिया वर्गात म्हणायची. त्या एकशे एकांत आपण असू, हे तेव्हा तिच्या स्वप्नातही नव्हतं.

पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच फोन वाजला. पक्षाचा नेता एमिलियान.

"रस्ता छान झालाय म्हणे," तो म्हणाला.

"तुला कोणी सांगितलं?"

"फोटो आलाय. फाटक तुझंच ना, निळं? उद्या आपली खासदार राइसा येईल तुझ्याकडे. बुधवारपर्यंत तुम्ही दोघी बरोबरच असा."

"माझ्यावर पहारा?"

"सोबत म्हण," एमिलियान म्हणाला आणि फोन ठेवला.

संध्याकाळी तिच्या नवऱ्याने, निकिफोरने, मक्याच्या पिठाचा मामालीगा रटरटत ठेवला होता. खारं चीज किसलेलं, आणि तळघरातल्या मोठ्या पिंपातली वाइन, जी तो ईस्टरखेरीज काढत नसे. तिच्या मनात पाल चुकचुकली.

"आज काय आहे?"

"बायको घरी आली. आणखी काय असायला हवं?"

"रस्ता कोणी केला?"

"स्पिरिदोन म्हणून कंत्राटदार आहे. जिल्ह्याकडून काम आलं असेल. मला काय ठाऊक?"

"नाव बरं ठाऊक आहे."

"रोलरवर लिहिलंय ते," निकिफोर म्हणाला आणि तिच्या ताटात चीज वाढलं.

रोलर खाली वळणाशी उभा होता. जेवण झाल्यावर ती पाय मोकळे करायला म्हणून बाहेर पडली आणि त्याच्याभोवती फिरून आली. त्याच्यावर कोणाचंच नाव नव्हतं. परतताना तिचं लक्ष रस्त्याच्या कडेला गेलं. रुंदी मिळावी म्हणून अक्रोडाची सगळी झाडं तोडली होती. ताजे बुंधे रांगेने पिवळे दिसत होते. फक्त तिच्या फाटकासमोरचं झाड उभं होतं, आणि डांबर त्याला वळसा घालून गेलं होतं. ते झाड निकिफोरने लग्नाच्या वर्षी लावलं होतं.

ती आत आली. निकिफोर भांडी घासत होता.

"आपलं झाड सोडा, असं त्यांना कोणी सांगितलं?"

त्याने नळ बंद केला नाही. "मी सांगितलं. माझं झाड आहे."

"आणि त्यांनी ऐकलं? प्रोफिराची उतारावरची दोन गेली, ती रडली असेल, तिचं नाही ऐकलं. तुझं का ऐकलं?"

आता त्याने नळ बंद केला. मग तो वळला.

"स्पिरिदोन बाजारात भेटला होता. सत्तेतल्यांची कामं करतो तो. म्हणाला, बाईंच्या गावाला काय हवं? मी म्हटलं, रस्ता. मार्चमध्ये माझा भाऊ छातीत कळ येऊन पडला, आणि रुग्णवाहिका खाली वळणावर चिखलात रुतून बसली. ब्लँकेटमध्ये घालून नेला आम्ही त्याला. तू तेव्हा किशिनावला भाषणं करत होतीस."

"आणि त्याला काय हवं होतं?"

"त्याने मागितलं नाही. मी एवढंच म्हटलं, की माझी बायको पक्षाआधी गावाचा विचार करते."

"हे म्हणजे मला विकणंच झालं, निकिफोर."

"खोटं बोललो का मी?" तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, आणि ते अश्रू खरे आहेत की नाहीत, हे तिला आयुष्यात पहिल्यांदाच कळेना.

राइसा रविवारी आली. चांगली बाई होती, पण एफ्रोसिनिया गाईला पाणी द्यायला गेली तरी तिच्यामागून यायची. मंगळवारी दोघी किशिनावला परतल्या. एफ्रोसिनिया तडक एमिलियानकडे गेली आणि बाजारातल्या भेटीपासून अक्रोडापर्यंत सगळं त्याला सांगून टाकलं.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "हे आजच का सांगतेस?"

"कारण हे खरं आहे."

"की उद्या जे करशील त्याआधी स्वच्छ दिसावं म्हणून?"

तिला चपराक बसल्यासारखं झालं. "मी आत जाणार नाही," ती म्हणाली.

"उद्या कळेलच," एमिलियान म्हणाला.

बुधवारी विरोधी खासदार सभागृहाबाहेरच्या दालनात बसले. राइसाने तिचा दंड घट्ट धरला होता. आत एकेक नाव पुकारलं जात होतं. तिचं नाव आलं तेव्हा दालनातल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. तिला जाऊ आठवली, दीर गेल्यापासून काळा रुमाल बांधलेली. आत जाऊन एक कागद टाकला की उरलेला रस्ता होईल, संसद टिकेल, खालच्या आळीतल्या पुढच्या माणसासाठी गाडी दारापर्यंत येईल. तिचे पाय खरोखरच उचलले गेले होते. पण बाजारात कोणीतरी आपल्या वतीने शब्द देऊन बसलं आहे, हे तिला सहन होत नव्हतं. ती बसून राहिली. पुढचं नाव पुकारलं गेलं.

साठच मतं पडली. दालनात टाळ्या झाल्या, मिठ्या झाल्या. तिला मिठी मारायला कोणी आलं नाही.

संसद बरखास्त झाली. नव्या निवडणुकीसाठीच्या पक्षाच्या यादीत तिचं नाव नव्हतं. "लोक शंका घेतात," एमिलियान म्हणाला, "आणि शंका पुसता येत नाही." गोर्देनातून रोलर दुसऱ्याच दिवशी निघून गेला होता. आता खालच्या आळीतले लोक म्हणायला लागले, की बाईंनी स्वतःच्या दारापुरतं करून घेतलं आणि उरलेल्यांच्या तोंडाला पानं पुसली. ती शाळेत परतली. निकिफोरशी पुन्हा बोलायला तिला हिवाळा उजाडावा लागला. तो ते बोलणं न मागता वाट पाहत राहिला, रोज चूल पेटवत राहिला, आणि एक दिवस तिने त्याला मीठ मागितलं.

नंतरची अडीच वर्षं देशाला धड राष्ट्राध्यक्षच मिळाला नाही, हंगामी माणसांवर कारभार चालला. मग पुढे न्यायालयाच्या निकालाने ती निवड पुन्हा लोकांच्या हाती आली. त्या शरद ऋतूत शाळेत मतदान केंद्र होतं आणि मतपत्रिका द्यायला इतर शिक्षकांबरोबर एफ्रोसिनियाही बसली होती. निकिफोर दाढी करून, कोट घालून आला. तिने ओळखपत्र पाहिलं, सही घेतली, मतपत्रिका दिली. तो पडद्याआड गेला तेव्हा तिने मान फिरवली.

रांगेत पुढचा नंबर प्रोफिराचाच होता. तिने वाकून हळूच विचारलं, "बाई, त्यांच्या कानात काय सांगितलंत?"

"नाव विचारलं. नियम आहे."

"नवऱ्याचं नाव?" प्रोफिराने भुवया उंचावल्या आणि मागे वळून रांगेकडे पाहिलं. रांगेतले दोघं-तिघं खाली बघून हसले.

"ओळखपत्र द्या, प्रोफिरा," एफ्रोसिनिया म्हणाली.