भरतीच्या हद्दीवरचा दगड

मित्रांनो, माझ्याभोवतीच्या कठड्यावर बसून तुम्ही रोज पायांची वाळू झटकता, पण मी कोण हे कधी विचारले नाहीत. मी एक जुना हद्दीचा दगड आहे.

पाथरवटाने माझ्या अंगावर ‘भरतीची हद्द’ असे कोरले आणि मोठ्या भरतीचे पाणी जिथे टेकते तिथे मला चुन्यात पक्के उभे केले. माझ्यापुढचे सारे समुद्राचे, म्हणजेच सगळ्यांचे.

मग सैन्याची छावणी आली, तारेचे कुंपण उभे राहिले. छावणीचे धोबीकाका विहिरीचे पाणी आणून माझ्या माथ्यावर कपडे आपटू लागले. त्यांची चिमुरडी लेक शेजारी बसून माझी अक्षरे बोटाने गिरवायची. ती ‘अ’च्या आधी ‘भ’ शिकली.

एके वर्षी सैन्याने भर टाकून किनारा पुढे सरकवायला घेतला. साहेब म्हणाले, “हा दगड उपटा.”

“उपटा की,” धोबीकाका म्हणाले. “मग परेडला मळकेच कपडे घाला.”

साहेब हसले आणि मी वाचलो. माती मात्र गळ्याशी आली. अक्षरे बुजली, समुद्र लांब गेला. कंबरेएवढा मी वीतभर उरलो.

पुढे छावणी उठली, मोडक्या कुंपणातून गावाने समुद्राकडे वाट काढली. कितीतरी वर्षे मी गवतात पडून होतो. कुणी ढुंकून पाहिले नाही. आणि एक दिवस एका कंपनीची माणसे आली. त्यांना माझ्यापुढच्या भरावावर बंगले बांधून चारी बाजूंनी भिंत घालायची होती. मग होड्या कुठून लोटायच्या? मुलांनी पोहायला कुठे जायचे? गावाने दावा लावला. भरतीच्या पाण्याखालची जमीन सरकार फक्त लोकांच्या वतीने सांभाळते, विकू शकत नाही, असा कायदा आहे. पण जुना नकाशा गहाळ होता आणि कंपनी म्हणत होती, ही जमीन मुळापासून कोरडीच.

तेव्हा कोर्टात धोबीकाकांची लेक उभी राहिली. आता तिचे स्वतःचे इस्त्रीचे दुकान होते, केस पिकले होते.

“बाबांच्या दगडावर लिहिलंय. मी वाचलंय.”

“धुण्याचा दगड साक्ष देणार?” कंपनीचे वकील म्हणाले.

न्यायाधीशबाई स्वतः पाहायला आल्या. फावडे चालू लागले. आधी ‘भ’ दिसला. लेकीने पदराने माती पुसली आणि तिच्या बोटाला वळण आपोआप आठवले.

“असला दगड कुणीही आणून पुरेल,” वकील म्हणाले.

“अजून खणा,” ती म्हणाली.

माझ्या पायाशी, जुन्या चुन्यावर, भरतीच्या खाऱ्या पाण्यातच वाढणाऱ्या कालवांचे शिंपले घट्ट चिकटलेले होते.

“वकीलसाहेब, कालवं कोरड्या जमिनीत पेरतात का हो?” लेकीने विचारले.

वकीलसाहेबांनी चष्मा पुसायला घेतला. न्यायाधीशबाई वाकून शिंपल्यांवर हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, “भर टाकली म्हणून लोकांचा हक्क जात नाही. सरकार इथलं राखणदार आहे, मालक नाही.”

त्याच आठवड्यात उरलेसुरले तारेचे कुंपण निघाले. पहिली होडी लोटताना सारा गाव दोराला लागला होता. सैनिकांच्या बराकीत आता तुमचे वाचनालय आहे, कवायतीच्या मैदानावर तुमचा खेळ.

माझ्याभोवतीचा खड्डा गावाने बुजवला नाही, दगडी कठडा बांधून उघडा ठेवला. मित्रांनो, त्यात कचरा टाकू नका. पावसाने माती वाहून आली तर ओंजळीने काढा. आणि धाकट्या भावंडांना घेऊन आलात, तर त्यांचे बोट धरून आधी ‘भ’ गिरवून घ्या. पुन्हा कुणी भिंत घालायला आले, तर वाचता येणारे कुणीतरी इथे असायला हवे.